ही फाइल फोटो नाही

४ मार्च

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, पण ते शेवटी. आधी भांडण.

कागदावर लिहिते आहे, कारण दुकानातला संगणक बाटला आहे आणि त्यावरून घरच्या माणसाला लिहिणं मला बरं वाटत नाही. फोन करावा, तर मी 'अगं ऐक' म्हणेपर्यंत तू 'मावशी, मीटिंग आहे' म्हणून मोकळी होतेस. कागद मध्ये बोलत नाही.

झालं असं. आमच्या गल्लीची सगळ्या दुकानांची मिळून जी साइट आहे, ती गेल्या सोमवारपासून उघडली की पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्या दिसतात. कुलूपवाल्याच्या नावावर टिचकी मारली की गोळ्या. चष्मेवाल्याच्या नावावर मारली की त्याच गोळ्या, जरा मोठ्या अक्षरांत. छत्रीवालीचं एक जुनं गिऱ्हाईक, सत्तरीचे गृहस्थ, छत्री दुरुस्तीला द्यायची म्हणून साइटवर शिरले आणि गोळ्या मागवून बसले. गोळ्या आल्या नाहीत, पैसे गेले आणि छत्री अजून मोडकीच आहे. त्यांच्या सौभाग्यवती छत्रीवालीच्या दुकानात येऊन जे बोलल्या ते मला कुणी दुप्पट मजुरी दिली तरी मी पाटीवर कोरणार नाही.

घड्याळवाले आमच्या समितीचे अध्यक्ष आहेत, हे तुला माहीत आहे. त्यांनी एक जाणकार बोलावला. त्याने तासभर खाली मान घालून खटखट केली आणि सांगितलं की घाण माझ्या पानावरून आत आली. जिथे गिऱ्हाईक पाटीचा मजकूर नाहीतर फोटो चढवतं, ते पान. ते मी केलेलं नाही, तू जोडून दिलंस. 'मावशी, आमच्याच कंपनीचं प्लगिन आहे, साइटला जोडायचा तयार तुकडा, डोळे झाकून वापर,' असं तू म्हणाली होतीस. मी डोळे झाकले.

अठ्ठावीस तारखेला बैठक आहे. मला साइटवर ठेवायचं की काढायचं, ते ठरणार. अर्ध्याहून जास्त पाट्या आता त्या पानावरूनच येतात, भिंगरे. ते गेलं तर मी दिवसभर बसून माझ्याच नावाच्या पाट्या कोरीन. पण त्याहून जास्त मला हे लागतंय की गल्लीत लोक माझ्याकडे बघून बोलणं थांबवतात. काय झालं ते शोध आणि मला कळव.

आता आशीर्वाद.

मावशी

*

९ मार्च

ती. मावशी,

नमस्कार, आणि तो वाकूनच, कारण पुढे जे लिहिते आहे त्यावर तू चप्पल फेकणार आहेस.

काय झालं ते शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही. गेल्या खेपेला मी दुकानात आले होते तेव्हा गल्ल्याच्या वर एक पितळी पाटी होती. छान अक्षर, चारी बाजूंनी वेलबुट्टी, आणि आत तुझा साइटचा पासवर्ड. मी म्हटलं होतं, 'हरवणार नाही अशा जागी लिहून ठेव.' ठेव म्हणजे खिळे ठोकून भिंतीवर लाव, असं नव्हतं म्हटलं. दुकानात येणारा प्रत्येक माणूस, सुटे पैसे घेता घेता, तो पासवर्ड वाचून गेला असणार.

मी इथे तक्रारीच्या टेबलावर बसते. रोज दहा दुकानदार ओरडत येतात की तुमच्या प्लगिनमुळे आमची साइट फुटली, आणि दहांतले नऊ जण पासवर्ड म्हणून स्वतःचं नाव ठेवून बसलेले असतात. तरी मी आमच्या साहेबांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, 'आपल्याकडून काही नाही. पासवर्ड गेला असेल.' साहेब माणूस शांत आहे, पण कामात पक्का.

तेव्हा पाटी काढ, पासवर्ड बदल, आणि बैठकीआधीच घड्याळवाल्यांकडे जाऊन सरळ सांग की चूक तुझी झाली. कबूल केलं की लोक विरघळतात. चूक तुझीच आहे, मावशी, पण ती काही खुनाची नाही.

तुझी,
भिंगरी

*

१३ मार्च

चि. भिंगरीस,

चप्पल फेकली. पोस्टात गहाळ झाली असेल.

पाटी काढली. नवा पासवर्ड केला, तोही कोरला, पण यावेळी मागच्या खोलीत कपाटाच्या आतून लावला. त्या कपाटाला कुलूपवाल्याचं कुलूप आहे. आता बोल.

घड्याळवाल्यांकडे मी गेले नाही. ती पाटी वाचून जायला माझ्या दुकानात येतं कोण? शाळेच्या बक्षिसांवर नावं घालून घ्यायला येणाऱ्या बाई. मेलेल्या कुत्र्याच्या नावाची पाटी करून घेणारे आजोबा, ते डोळे पुसत येतात आणि पुसत जातात. यांतलं कोण गोळ्या विकतं? तू मला एका शब्दानं विचारलं नाहीस, एकदम निकाल दिलास. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि इथे तर संन्याशीण घरचीच आहे.

आणि गिऱ्हाइकांचं म्हणशील तर तीही हल्ली धड राहिली नाहीत. जानेवारीत त्याच पानावरून एक मागणी आली. पितळ, मोठा आकार, दुहेरी किनार. फोटो म्हणून फाइल पाठवली होती, पण ती काही केल्या फोटोसारखी उघडेना. मग मी ती लिहायच्या प्रोग्राममध्ये उघडली. वरखाली काही किडेमुंग्या होत्या, त्या मी सोडून दिल्या, लोकांचं बोट घसरतं. मधे एक स्वच्छ ओळ होती: 'ही फाइल फोटो नाही.' मी कोरली. तुला माहीत आहे, मजकुराबद्दल मी विचारत नाही. मागे एकाने 'या घरात मी सुखी आहे असं बायको म्हणते' अशी पाटी करून नेली, तेव्हाही मी विचारलं नव्हतं.

तर ती पाटी तयार होऊन फळीवर पडून आहे. गृहस्थ न्यायला येत नाहीत. मी त्यांना आठवणीचे निरोप पाठवते आहे, पहिले गोड, मग कमी गोड. न नेलेली पाटी दुकानात ठेवणं मला जमत नाही, सारखी माझ्याकडे बघते.

मावशी

*

१६ मार्च

मावशी,

नमस्कार वगैरे सगळं पुढच्या पत्रात. तो माणूस गिऱ्हाईक नाही.

ती फाइल कुणीतरी आपलं दार ढकलून बघण्यासाठी पाठवली होती. तू सोडलेल्या किडेमुंग्या हाच खरा माल. मधली ओळ नुसती सही.

समजावून सांगते. त्या पानावर फक्त फोटो आणि मजकूर चढावेत, ही प्लगिनची जबाबदारी. त्याने दारात उभं राहून आलेल्या प्रत्येक फाइलची झडती घ्यायची. आता समज, झडतीऐवजी त्याने नुसतं विचारलं, 'कोण?' आणि फाइल म्हणाली, 'फोटो.' आणि याने म्हटलं, 'या.' फोटो असेल तर आत जाऊन गप्प पडून राहतो. पण फोटो म्हणवून घेणारी फाइल म्हणजे संगणकाला दिलेले हुकूम असतील, तर ती आत बसून सगळं घर चालवायला लागते. मग घरमालकाच्या जागी गोळ्या दिसतात. त्याला पासवर्ड लागत नाही. भिंतीवर असो, कपाटात असो, नसो.

फोटो नसलेली फाइल तुझ्या पानाने जानेवारीत आत घेतली, हे जर खरं असेल, तर आमचं प्लगिन झडती घेत नाही. साहेब तर म्हणाले होते, आपल्याकडून काही नाही. उद्या मी स्वतः बघते.

तू एवढंच कर. ती पाटी विकू नकोस, वितळवू नकोस. आणि त्या माणसाला आता काहीही लिहू नकोस, तो कोण आहे आपल्याला माहीत नाही.

भिंगरी

*

२० मार्च

चि. भिंगरीस,

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच मी त्याला लिहिलं होतं, आणि चांगलं खरमरीत लिहिलं होतं. 'पाटी करून घ्यायची आणि तोंड लपवायचं, हे कोणत्या घरचं वळण?' असं. त्या बाटलेल्या संगणकावरूनच लिहिलं. जो पाटी नेत नाही त्याला बाटलेलं चालतं.

त्याचं उत्तर आलं. बिचारा गणिताचा मास्तर निघाला. सुट्टीत लोक मासे धरतात, हा लोकांच्या साइटची दारं ढकलून बघतो आणि उघडं सापडलं तर मालकाला कळवतो. मला लिहितो, 'बाई, मी पाटी मागवलीच नव्हती. फॉर्म पुढे जाऊ देत नव्हता म्हणून धातू आणि आकार निवडला. तुम्ही खरंच कोरली का?' मी म्हटलं, दुहेरी किनारीसह.

आता नीट वाच. तो म्हणतो, त्याने माझ्या पानावर ढकलून बघितलं, दार उघडं निघालं, त्याने काही नासधूस केली नाही आणि तुमच्या कंपनीला कळवलं. कारण दोष माझ्या दुकानाचा नव्हता, तुमच्या प्लगिनचा होता, आणि ते प्लगिन हजारो दुकानांत बसलंय. तुमच्याकडून उत्तर आलं, 'आभारी आहोत, संबंधितांकडे पाठवलं आहे.' त्याने फेब्रुवारीत पुन्हा लिहिलं. पुन्हा आभार. मग गोळीवाले आले. हा नाही, दुसरेच. उघडं दार काय एकालाच दिसतं?

थोडक्यात, माझ्या खिळ्याचा आणि पाटीचा यात काही संबंध नाही. कुंपणच शेत खात होतं, आणि मला कुंपणाने पत्र लिहून सांगितलं की शेताची चूक आहे.

तुझ्यावर चिडले आहे. पण तुला हे माहीत नव्हतं, हेही मला दिसतंय. बैठकीला आठवडा आहे. तुमच्या कंपनीकडून दोन ओळी आण की दोष तुमचा. घड्याळवाल्यांना मास्तराचं पत्र दाखवून भागणार नाही, ते म्हणतील चोराचंच सर्टिफिकेट आणलं.

जाता जाता, मास्तर पाटी घेऊन जाणार आहे. म्हणाला, इतकी वर्षं दारं ढकलतोय, कुणी नुसतं बक्षीस म्हणून काही दिलं नाही. मी म्हटलं, फुकट नाही हो, मजुरी पडेल.

मावशी

*

२३ मार्च

ती. मावशी,

मास्तर खरं बोलतोय. मी आमच्याकडची जुनी पत्रं काढून बघितली, दोन्ही आहेत. मग एक खोटी साइट उभी केली, तिच्यात आमचं प्लगिन बसवलं आणि फोटो नसलेली फाइल फोटो म्हणून पाठवली. सुरळीत आत गेली.

साहेबांकडे गेले. त्यांना माहीत होतं. जानेवारीपासून. कुणीतरी मोठी कंपनी आम्हाला विकत घेणार आहे, सह्या मे महिन्यात. तोवर ब्र काढायचा नाही. नंतर पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती घालायची आणि खाली बारीक अक्षरांत लिहायचं, 'किरकोळ सुधारणा.' मी म्हटलं, तोवर ज्यांच्या साइटी फुटतील त्यांचं काय? म्हणाले, 'त्यांना पासवर्ड बदलायला सांग. तू छान सांगतेस.'

छान सांगते, मावशी. तुलाही छानच सांगितलं होतं.

तुझ्या दोन ओळी मागितल्या. साहेब हसले, आणि मग हसायचे थांबले. माझी नोकरी पुढच्या महिन्यात कायम व्हायची आहे. त्या भरवशावर मी खोली बदलली, या खोलीला खिडकी आहे. बाहेर एक शब्द गेला तर त्याच दिवशी बाहेर, आणि पुन्हा या धंद्यात कुणी उभं करणार नाही, हे त्यांनी आवाज न चढवता सांगितलं.

मला काय करावं ते कळत नाही. मी भित्री आहे, हे मला माहीत नव्हतं, ते आत्ता कळलं. बैठक पुढे ढकलता येईल का? मे महिन्यापर्यंत. घड्याळवाल्यांना म्हण, बरं वाटत नाही. मला तुझ्याकडे हे मागायची लाज वाटते, आणि तरी मागते आहे.

तुझी,
भिंगरी

*

२८ मार्च

चि. भिंगरीस,

बैठक झाली. बरं वाटत नाही असं मी सांगितलं नाही, कारण सकाळीच चष्मेवाल्याने मला दोन जिने चढताना पाहिलं होतं.

चष्मेवाल्याच्या माडीवर सगळे जमले. घड्याळवाल्यांनी सुरुवातीलाच सांगितलं की वेळेचं भान ठेवा, आणि मग स्वतः बराच वेळ बोलले. छत्रीवालीने त्या गृहस्थांच्या गोळ्यांचं पुन्हा सविस्तर वर्णन केलं, ती आता ते रंगवून सांगायला लागली आहे. मग मला विचारलं, तुमचं म्हणणं काय.

मास्तराचं पत्र माझ्या पिशवीत होतं. तुझंही होतं. मी उभी राहिले आणि म्हटलं, चूक माझी. पासवर्ड भिंतीवर लावला होता, कुणीतरी वाचला असेल. माफ करा.

कुणी विरघळलं नाही, ते तुझं म्हणणं चुकीचं ठरलं. कुलूपवाला तेवढा म्हणाला, 'असू दे, बाई,' पण हात मात्र त्यानेही वर केला. एकमताने काढलं मला. पान उद्यापासून बंद.

आता तू गप्प राहायचं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी पाट्या कोरत राहीन, लोक काय, मरतात, जन्मतात, घरं बदलतात, दारावर नाव लागतंच. तुझी मात्र आत्ता कुठे सुरुवात आहे, आणि तुझ्या आईने जाताना तुला माझ्या ओटीत घातलं होतं, गल्लीच्या समितीच्या नाही. खिडकीची खोली सोडू नकोस. साहेबांना मनातल्या मनात हव्या तेवढ्या शिव्या दे, काही नव्या हव्या असतील तर मला विचार.

मावशी

*

२८ मार्च

ती. मावशी,

आज तुझी बैठक. वेळ पुढे ढकललीस की नाही, ठाऊक नाही, तुझं पत्र आलेलं नाही. मी मात्र वाट बघू शकले नाही.

सकाळी ऑफिसात गेले, तक्रारीच्या टेबलावर बसले आणि प्लगिन वापरणाऱ्या सगळ्या दुकानांना एकदम पत्र पाठवलं. कंपनीच्याच पत्त्यावरून, खाली माझं पूर्ण नाव घालून. लिहिलं की आमचं प्लगिन आलेल्या फाइलची झडती घेत नाही, फोटो म्हणवून काहीही आत येऊ शकतं, आम्हाला हे जानेवारीपासून माहीत आहे. ते आजच्या आज बंद करा. साइट आधीच फुटली असेल तर पासवर्ड सांभाळला नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका, चूक आमची आहे, तुमची नाही. एक प्रत घड्याळवाल्यांना वेगळी पाठवली, गल्लीच्या साइटवर त्यांचा पत्ता होता.

साहेबांनी माझा संगणक बंद पाडला तेव्हा माझा चहा अजून गरम होता. तो संपवून निघाले. टेबलावरचा कप माझा होता, तोही आणला. शेजारच्या टेबलावरची मुलगी रडली, मी नाही रडले, ते घरी येऊन केलं.

नोकरी गेली. खोली एप्रिलअखेर सोडावी लागेल. तुला तोंड दाखवण्यासारखं मात्र थोडंफार झालं असं वाटतं.

तुझी,
भिंगरी

*

३ एप्रिल

चि. भिंगरीस,

गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. गाढव तुझं आणि ब्रह्मचर्य माझं, असं धरून चाल.

आपली पत्रं वाटेत एकमेकींना टाळून गेली. तुझं हाती पडण्याआधीच घड्याळवाले दुकानात आले, हातात तू त्यांना पाठवलेल्या मजकुराची छापील प्रत. बैठकीच्या गडबडीत त्यांनी तो उघडलाच नव्हता. म्हणाले, 'बाई, हे काय?' मी म्हटलं, चष्मा सापडत नाही, तुम्हीच वाचा. त्यांनी वाचलं. 'चूक आमची आहे, तुमची नाही' इथे आले तेव्हा म्हटलं, नीट कळलं नाही, पुन्हा वाचा. असं मी तीनदा करून घेतलं. चष्मा माझ्या डोक्यावर होता.

मग त्यांनी विचारलं, 'मग तुम्ही बैठकीत खोटं का बोललात?' मी म्हटलं, पोरीची नोकरी होती. ते म्हणाले, 'आता?' मी म्हटलं, आता नाही. यावर ते खुर्चीत बसले आणि तो कागद मनातल्या मनात पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. वेळेचं भान त्यांनाही राहिलं नाही. जाताना म्हणाले, पान उद्या चालू करतो, पण ते प्लगिन नको. मी म्हटलं, मजकूर पोस्टाने मागवीन.

एवढ्यावर संपलं असतं तर मी तुला आनंदाने लिहिलं असतं. पण सगळ्या गल्लीला पटलेलं नाही. छत्रीवाली म्हणते, काहीतरी असेलच की, नाहीतर बाई स्वतःच्या तोंडाने कशाला कबूल होईल? मी इतकी वर्षं या गल्लीत खरं बोलले ते कुणाच्या लक्षात नाही. एकदा खोटं बोलले, तेवढं मात्र सगळ्यांच्या जिभेवर आहे. कागद दाखवला तर म्हणतात, भाचीनेच लिहिलंय.

तुझा मला अभिमान वाटतो. तू एवढ्या अनोळखी दुकानांना लिहिलंस, त्यांतलं एकही तुला पगार देणार नाही. तुझी काळजीही वाटते, आणि थोडा रागही आहे, तो तुझ्या पहिल्या पत्रापासूनचा. मला तेव्हा गल्लीचं एवढं लागलं नव्हतं. तू न विचारता मला चोराच्या रांगेत उभं केलंस, ते लागलं. मी कुणाला बोलले नाही, तुला आत्ता सांगते आहे.

म्हणून खोली सोडलीस की इकडे ये. राहायला नको तर नको, पण ये. दुकानाच्या दारात माझ्या शेजारी उभी राहा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडाने सांग की मावशीची चूक नव्हती. छत्रीवालीला सांग, चष्मेवाल्याला सांग, कुत्र्याच्या आजोबांना सांग. त्यांना पटो न पटो. मी आतून ऐकत बसेन.

मावशी